नावाच्या भोवती

टक्.

एवढाच आवाज. पण त्या दुपारी घर इतकं गप्प होतं की त्या एवढ्याशा आवाजानं इरूचे डोळे उघडले. मशीनचं पातं लाल कागदावर सरसर फिरत होतं तोवर ती आजीच्या कुशीत गाढ होती. काम संपवून पातं आपल्या जागी जाऊन बसलं आणि घर जागं झालं.

"कापलं नाव?" इरूनं मधल्या खोलीतून ओरडून विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं लगेच दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं आणि तशीच, तोंड दाबून, पळत माझ्याकडं आली. तेव्हा पाच वर्षांची होती. आता आठवीत आहे, पण गुपित म्हटलं की अजून तिचे हात तोंडाकडं जातात.

गुपित म्हणजे एक नाव होतं. सुखदेव गुरव म्हणून एक टेम्पोवाला आमच्या तासगावच्या मार्केटात बेदाण्याची खोकी वाहायचा. त्याला मुलगी झाली होती. संध्याकाळी बारसं होतं, आणि बारसं उरकून बाळ-बाळंतीण दारात आल्या की समोर टेम्पोच्या कपाळावर, म्हणजे काचेच्या वरच्या पट्टीवर, मुलीचं नाव झळकायला हवं अशी त्याच्या बायकोची हौस होती. तिनं कुणाच्या तरी लेकराच्या पाण्याच्या बाटलीवर मी केलेलं नाव बघितलं होतं. "असल्याच वळणाचं पायजे" असं तिनं बाळंतपणाच्या खाटेवरून बजावलं होतं. पण बाळाच्या कानात कुर्र होईपर्यंत नाव बाहेर फुटायचं नसतं. म्हणून सुखदेव आमच्या दारात आला, इकडंतिकडं बघितलं आणि चोरीच्या मालाचा पत्ता सांगावा तसा पुटपुटला, "ओवी." माझी ओढणी धरून उभ्या असलेल्या इरूनंही ते ऐकलं. तेव्हापासून तिच्या पोटात ते नाव मावत नव्हतं.

मशीन माझं नव्हतं. पुण्याच्या नणंदेनं, माईनं, हौसेनं घेतलेलं आणि हौस फिटल्यावर मला आणून दिलेलं. पिठाच्या डब्याएवढं. लॅपटॉपवर अक्षरं काढायची, चिकट पाटीवर रेडियमचा कागद लावायचा आणि पाटी आत सरकवायची. पातं वरचं रेडियम तेवढं कापतं, खालच्या कागदाला ओरखडाही येत नाही. चमको न चमको, स्टिकरच्या कागदाला आमच्याकडं सरसकट रेडियमच म्हणतात. मी शाळेच्या डब्यांवर, बाटल्यांवर मुलांची नावं करून द्यायचे. सासूबाई त्याला खेळणं म्हणायच्या.

"दिवाळीला माई आली की तिच्याबरोबर खेळणं परत जाऊ दे," असं त्यांनी कालच पोळ्या लाटताना सांगितलं होतं. "बाटल्यांवर नावं घालून कुणाचं काय झालंय? ती पडवी तरी मोकळी होईल."

गाडीवरचं हे माझं पहिलं काम. ते उठून दिसलं असतं तर स्टँडवरचे बाकीचे टेम्पोवाले आले असते. फसलं तर मशीन खोक्यात जाणार होतं. हे मला ठाऊक होतं, सासूबाईंना ठाऊक होतं, आणि बहुतेक इरूलाही.

मी सुईच्या टोकानं नावाभोवतीचं नको असलेलं लाल सोलायला घेतलं. हे मला फार आवडतं. आजूबाजूचं सगळं निघून जातं आणि नाव तेवढं कागदावर उरतं. पण त्या दिवशी सुई लावली आणि 'ओ' एकटाच सुटून सुईबरोबर वर आला. मागोमाग वेलांटी आली. दोन अक्षरांच्या मधली शिरोरेघ तर चिमूटभर भुगा होऊन माझ्या बोटांना चिकटली.

चूक माझीच. मशीनला आपली शिरोरेघ माहीत नसते. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर सुटं. रेघ रेघेवर चढली की ते बिनदिक्कत मधून कापत जातं. म्हणून कापायच्या आधी सगळं नाव पडद्यावर एकसंध करून घ्यावं लागतं. शंभर बाटल्यांना मी ते केलं होतं, आणि नेमकं आज, जागरणानं डोळे चुरचुरत असताना, विसरले.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. मी हात ठेवून नाव झाकलं, पण तुकडे झालेत हे त्यांना कळलं.

"न ठेवलेल्या नावाचे तुकडे?" त्या म्हणाल्या. एवढंच. आणि चहा ठेवायला आत गेल्या.

माझ्याकडचं ते शेवटचं लाल होतं.

* * *

लाल मिळण्याची जागा गावात एकच, स्टँडमागची दस्तगीरभाईंची 'दिलखुश रेडियम'. आणि सुखदेवचा टेम्पोही तिथंच लागलेला होता, कारण कपाळावरची जुनी पट्टी काढायला गरम हवेचा पंखा लागतो, तो त्यांच्याकडंच. मी मशीन आणि लॅपटॉप बाजाराच्या पिशवीत कोंबलं, इरूचा हात धरला आणि निघाले.

दस्तगीरभाई नंबरप्लेट पुसत बसले होते. पन्नाशीचे, दाढी मेंदीनं लाल केलेली.

"या मानसीताई!" ते म्हणाले. "आमचं गिऱ्हाईक पळवलंत, आन् आता माल पण आमच्याकडनंच? असं करा, दुकानावर तुमचीच पाटी लावतो."

"पाटी पण मीच कापून देते," मी म्हटलं. "लाल हवंय भाई. गाडीचं."

"रोल फोडू?"

"रोल परवडत असता तर तुमच्या शिव्या खायला आले असते का?"

ते हसले आणि पायानंच टेबलाखालचं खोकं माझ्याकडं ढकललं. ते खोकं म्हणजे माझं तीर्थक्षेत्र होतं. मोठी कामं कापून झाल्यावर रोलची उरलेली शेपटं, वीतभर, दीडवीत पट्ट्या, सगळं त्यात पडायचं. तिथं मूठ भरून घ्यायची आणि दस्तगीरभाई अंदाजानं काहीतरी सांगायचे. बाकीचं सामानही मी असंच जमवलेलं होतं. कापलेलं नाव जसंच्या तसं उचलून लावायला महागडा टेप येतो, त्याच्याऐवजी मी रंगाऱ्याचा कागदी टेप वापरायचे. बुडबुडे दाबून काढायला बाद झालेलं गॅसचं कार्ड. सोलायला गोधडीची सुई.

इरू खोक्यात कोपरापर्यंत हात घालून बसली. "आई, सोन्याचं! आई, हे बघ, माशासारखं!"

"लाल बघ," मी म्हटलं.

लाल निघालं. मी ते बोटानं वाकवून बघत होते तेवढ्यात भाई म्हणाले, "ते नको. ते घरातलं. कपाटाला लावा, दहा वर्षं बसंल. गाडीला लावलं तर दिवाळीपर्यंत गुलाबी होऊन गळंल." आणि स्वतःच तळाशी हात घालून एक जाडसर, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं असलेली पट्टी काढली. "ह्ये घ्या. उजेड पडला की पेटतंय बघा."

मी ती उन्हात धरली. खरंच पेटली. इरू 'आ' करून बघत राहिली.

"नाव काय घालताय?" भाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

इरूचे दोन्ही हात तोंडावर.

"संध्याकाळी कळेल," मी म्हटलं.

"अहो, माझ्याच दुकानात कापणार, माझ्याच समोर चिकटवणार, आन् मला संध्याकाळी कळणार?"

"तुम्ही पाठ करून उभं राहायचं."

बाहेरून सुखदेव आत डोकावला. तो सकाळपासून बारशाच्या तयारीनं घामेघूम होता. खिशात पेढ्यांची पावती, खांद्यावर बायकोनं दिलेली, नाव झाकायची साडी. "झालं का ओ, ताई? माझी बहीण तिकडं पाळण्यापाशी कुर्र करायला टपून बसलीय. गाडी दारात गेली नाही तर बायको मलाच पाळण्यात घालंल."

"पट्टी काढली का आधी?"

"तुमचीच वाट बघत होतो. पर एक सांगतो," त्यानं आवाज खाली आणला, "मागचं कायबी दिसाय नको हं. जुन्या पट्टीखाली आणखी कुणाचं काय आसंल, आपल्याला म्हाईत नाही. माझी गाडी तिसऱ्या हाताची. माझ्या लेकीच्या नावामागं दुसऱ्या कुणाच्या नावाची सावली नको."

"घासून देतो की," दस्तगीरभाई म्हणाले आणि गरम हवेचा पंखा घेऊन बाहेर आले.

* * *

टेम्पोचं कॅबिन खाली पांढरं रंगवलेलं होतं. कपाळ तेवढं जुनं, निळं. निळं म्हणजे कधीकाळी निळं. उन्हानं ते राखेसारखं झालं होतं, आणि त्याच्यावर मधोमध रुंद पिवळी पट्टी. 'रस्त्याचा राजा.' आधीच्या मालकानं लावलेली.

दस्तगीरभाई स्टुलावर चढले, पंख्याची हवा पट्टीच्या उजव्या टोकावर धरली आणि नखानं कोपरा उचलला. पट्टी सावकाश, चिकट आवाज करत सुटायला लागली. मी खाली उभी राहून इरूला ऊन लागू नये म्हणून ओढणी धरली होती. लक्ष माझं पिशवीतल्या लॅपटॉपकडं होतं. या वेळी नाव एकसंध करायचं, एकसंध करायचं, असं मनाशी घोकत होते.

"खाली हाय काहीतरी," भाई म्हणाले.

त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं उघडा पडलेला भाग पुसला. ओलं होतं तोवर सगळं सारखंच दिसत होतं. मग उन्हानं रॉकेल उडालं आणि राखेच्या रंगातून आधी 'न' आणि मग गडद निळी वेलांटी वर आली. कुणी लावलेली नव्हती. चिकटवलेलं तिथं काही नव्हतंच. फक्त जिथं पूर्वी अक्षर होतं तिथल्या पत्र्याला ऊन लागलं नव्हतं, आणि तिथला रंग पहिल्या दिवशी होता तसा राहिला होता.

"नी," इरू म्हणाली. तिला नुकतीच अक्षरं लागायला लागली होती आणि ती दिसेल ते वाचायची.

"आयला, हायच की सावली," सुखदेव म्हणाला.

दस्तगीरभाई त्या वेलांटीकडं बघत होते. तिचं खालचं टोक उगाचच लांब जाऊन परत वर वळलं होतं, शेपटी हलवल्यासारखं. "ही अब्बांची वेलांटी," ते हळूच म्हणाले. "मशीन नव्हतं तेव्हाची. पात्यानं हातानं कापायचे. मी म्हणायचो, अब्बा, कशाला एवढी शेपटी, रेडियम वाया जातंय. तर म्हणायचे, लेकीचं नाव हाय, पैंजण नको का?"

त्यांनी पट्टी आणखी ओढली. पुसलं. वाळू दिलं.

"स्वि," इरू म्हणाली. "ज."

माझा हात ओढणीसकट खाली आला.

तेजस्विन्या पुष्कळ असतात. माझ्या वर्गातच दोघी होत्या. मी स्वतःला असं सांगत होते आणि पट्टी डावीकडं सरकत होती. 'ते' निघाला. आणि 'ते'च्या अलीकडं, अगदी टोकाला, द्राक्षांचा घड. गोल गोल गडद निळे मणी, वर एक पान. आणि घडाच्या मधोमध एक मणी नव्हता. तिथं राखेचा रंग होता. त्या जागेला ऊन लागत राहिलं होतं, वर्षानुवर्षं, कारण तिथलं द्राक्ष फार आधीच कुणीतरी काढून नेलं होतं.

ते मी काढलं होतं.

अण्णा, माझे वडील, गाडी धूत होते आणि मी त्यांच्या खांद्यावर होते. असेन इरूएवढीच. नखानं कोरून कोरून एक द्राक्ष काढलं आणि तोंडात घातलं. अण्णांनी मला खाली उतरवून माझ्या तोंडात बोट घालून ते काढलं आणि इतके हसले की बादली लवंडली. नंतर मार्केटात कुणीही विचारलं, घडातलं एक कुठं गेलं, की सांगायचे, "मालकिणीनं खाल्लं." आई म्हणायची, लावून घ्या की नवं. अण्णा म्हणायचे, "पोरीनं खाल्लेलं द्राक्ष परत कसं लावायचं?"

गाडी विकली तेव्हा मी दहावीत होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी नाव स्वतःच्या हातानं काढलं. गाडी विकावी, पोरीचं नाव विकू नये, असं टेम्पोवाल्यांच्यात होतं. खिशात लाल रेडियमचा बोळा घेऊन ते घरात आले आणि जेवायला बसले. नंबर मला कधीच पाठ नव्हता. मला त्या गाडीचं नावच पाठ होतं, आणि ते निघाल्यावर रस्त्यावरचे सगळे टेम्पो मला सारखेच दिसायला लागले. इरू पोटात असताना अण्णा गेले.

"ते-ज-स्वि-नी," इरूनं सगळं जोडून वाचलं. "आई, ही कोण?"

"मी," मी म्हटलं.

"तू तर मानसी आहेस."

दोघंही पुरुष माझ्याकडं बघायला लागले. इरूला मी कधी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं? लग्नात ताटात तांदूळ पसरले होते, त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं, सगळ्यांना पेढे वाटले होते. आमच्या गल्लीत निम्म्या बायकांची नावं तशीच आलेली. आईसुद्धा पुढं मला मानसी म्हणून हाक मारायला शिकली. एकटे अण्णा शिकले नाहीत. ते काहीच हाक न मारता बोलायचे.

"लग्नाआधी मी ही होते," मी इरूला म्हटलं. "ही गाडी तुझ्या अण्णा आजोबांची."

सुखदेवनं खांद्यावरची साडी काढून बोनेटवर ठेवली. मग परत खांद्यावर घेतली. "अण्णा पाटोळ्यांची? ही?" तो म्हणाला. "तरीच. ताई, सहा वर्षांत ह्या गाडीनं मला एकदा रस्त्यात सोडलं नाही. मी म्हणायचो, आधी कुणीतरी पोटच्यासारखी सांभाळलीय."

स्टँडवरून एक एसटी गेली. भाई स्टुलावर तसेच उभे होते, पंखा बंद करून, त्या वेलांटीवरून अंगठा फिरवत. मी पण हात वर केला, पण माझा हात पोचत नव्हता. मग सुखदेवनं बंपरवर पाय ठेवायला जागा करून दिली, आणि मी चढून 'ते'वर तळवा ठेवला. पत्रा उन्हानं तापलेला होता. बोटांना काहीच लागत नव्हतं, ना उंचवटा, ना कड. डोळ्यांना दिसत होतं ते हाताला नव्हतंच. तरी मी हात काढला नाही.

"आता काय करू सांगा," सुखदेव म्हणाला. तो रडकुंडीला आला होता. "तुमचं नाव मी कसं पुसायला सांगू? आन् नाही पुसलं तर माझ्या लेकीचं नाव त्याच्यावर कसं लावू? बायको काय म्हणंल?"

मी खाली बघितलं. इरू मान वर करून उभी होती.

"आज तुमच्या लेकीचा दिवस आहे," मी म्हटलं. "सावली नको म्हणाला होतात ना? घासायचं. पण मी घासते."

भाईंनी आतून डबी आणली. रंगारी वापरतात ती पांढरी मलमासारखी पॉलिश आणि जुन्या बनियनचा तुकडा. मी फडक्याला पॉलिश लावली, बंपरवर नीट उभी राहिले आणि फडकं नावाजवळ नेलं. 'ते'वर टेकवलं. आणि हात पुढं जाईना. अण्णा गेल्यावर त्यांचा सदरा धुवायला टाकताना झाला होता तसाच तो थांबला.

"ओ ताई," दस्तगीरभाई खालून म्हणाले, "नावावर कुठं घासताय? नाव चांगलंच हाय. नावाच्या भोवती घासा. खराब झालंय ते भोवतीचं."

मी फडकं शेजारच्या राखेवर ठेवलं आणि घासलं. फडक्यावर पिठूळ, मळकट निळं आलं. आणि पत्र्यावर, जिथं घासलं तिथं, खालून तोच निळा निघाला. नावाचाच. मी आणखी घासलं. निळा पसरला, 'ते'च्या मात्रेपर्यंत आला, तिला भेटला, आणि मात्रा कुठं संपते ते कळेनासं झालं. मग 'ज' गेला. पण गेला कसं म्हणू? तो तिथंच होता. त्याच्याभोवतीचं सगळंच त्याच्यासारखं होत चाललं होतं.

माझा हात भरून आला तेव्हा भाई चढले. त्यांनी अब्बांची वेलांटी शेवटी ठेवली, तिच्या शेपटीभोवती बोटानं, फडक्याच्या टोकानं, अगदी सावकाश घासलं. सुखदेव सगळं विसरून बघत होता. शेवटी घडापासून दुसऱ्या टोकापर्यंत कपाळ एकसारखं निळं झालं. अण्णांनी ती गाडी दारात आणली होती, मी माझ्या आजीच्या मागं लपून बघितली होती, त्या दिवसाचं निळं. नाव कुठंच दिसत नव्हतं, आणि नाव नव्हतं अशी एक बोटभर जागाही तिथं नव्हती.

"घडाला हात लावू नका!" सुखदेव एकदम ओरडला.

भाईंचं फडकं घडाशी पोचलं होतं. ते थांबले.

"तेवढा राहू दे," सुखदेव म्हणाला आणि लाजून मान खाजवली. "माझी पोरगी पण खाईल की एखादं."

* * *

दुकानातल्या फळीवर मशीन ठेवलं, भाईंच्या प्लगला जोडलं. या वेळी अक्षरं एकसंध केली, दोनदा तपासली, पाटी आत सरकवली. "टोस्टर दिसतंय," म्हणत भाई नाव कापून होईस्तोवर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. नाव लावतानाही त्यांनी पाठ केली, पण बुडबुडा राहिला तेव्हा भिंतीकडं बघतच म्हणाले, "वेलांटीपाशी हवा अडकलीय, साबणाचं पाणी मारा." ओवीच्या वेलांटीला मी खाली थोडीशी शेपटी दिली होती. तेवढं रेडियम वाया गेलं.

सुखदेवनं नावावर साडी टाकली आणि टेम्पो हळूहळू, वरातीसारखा नेला.

संध्याकाळी सासूबाईही बारशाला आल्या. साडी ओढली, मावळतीचं ऊन कपाळावर पडलं आणि निळ्यावर ओवी पेटली. बायका 'अगं बाई' म्हणाल्या. बाळंतीण रडली. दोन टेम्पोवाल्यांनी तिथंच माझा नंबर घेतला. सुखदेवनं घडाची गोष्ट सगळ्यांना सांगून टाकली, मी नको म्हणत असताना. घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "लांबलचक होतं गं तुझं नाव. मला जिभेवर घेता यायचं नाही." थोडं पुढं जाऊन पुन्हा, पुटपुटल्यासारखं, एकदा म्हणून बघितलं.

दिवाळीला माई आली तेव्हा मशीनच्या खोक्यात कांदे भरलेले होते. सासूबाईंनीच भरलेले.

पण त्या संध्याकाळचंच सांगायचं राहिलं. घरी आल्यावर मी इरूचे पाय धुतले आणि दुसऱ्या दिवशीचा डबा घासायला घेणार, तर डबा जागेवर नव्हता. ती उंबऱ्यात बसली होती. डबा मांडीवर. झाकणावर मी कापलेलं तिचं नाव होतं, 'इरावती', हिरव्या रेडियमचं, दस्तगीरभाईंच्या खोक्यातलंच. ती 'इ'च्या कडेला नख लावून अगदी हळू, फाटणार नाही असं, उचलून बघत होती.

"काढू नकोस गं," मी म्हटलं. "परत चिकटणार नाही."

"मी काढत नाहीये," ती म्हणाली. "बघतेय."

"काय बघतेयस?"

तिनं कोपरा बोटानं परत नीट बसवला आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं, त्या निळ्या कपाळाकडं बघत होती तशी.

"आई, माझ्या नावाच्या खाली कुणाचं नाव आहे?"